ड्युओलिंगोवरची पोलिश आणि तिच्या शेजारणी: मराठी माणसाला कोणती किती जड?

पोलंडला शिकायला किंवा कामाला जायचं ठरलं की जळगाव काय, धुळे काय, फोनवर आधी ड्युओलिंगो हे भाषा शिकवणारं अ‍ॅप येतं. फुकट वापरता येतं आणि पोलिशबरोबर जर्मन, चेक, युक्रेनियन, रशियनही त्यात आहेत. स्लोवाक, लिथुएनियन आणि बेलारूसी मात्र नाहीत. आमचं मत: शब्दसाठा आणि कानाची सवय यासाठी उत्तम, पोलिश विभक्तींसाठी अपुरं. शिवाय पोलिश आपल्याला इंग्रजीतून शिकावी लागते, त्यामुळे मराठीत आधीच असलेल्या गोष्टीही नव्यानं शिकाव्या लागतात.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था पोलिश, चेक, स्लोवाक, युक्रेनियन, रशियन, लिथुएनियन या सगळ्यांना एकाच गटात टाकते: ४४ आठवडे, वर्गातले सुमारे १,१०० तास. हा हिशेब इंग्रजी मातृभाषेच्या माणसाचा आहे. आपल्याला तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

तीन लिंगं आपल्याकडे आहेतच. भूतकाळ तर आणखी सोपा: तो होता, ती होती, ते होतं, पोलिशमध्ये बिव, बिवा, बिवो. अडचण येते ती सकर्मक क्रियापदाला. मराठीत 'मी पुस्तक वाचलं', 'मी गोष्ट वाचली' असं क्रियापद कर्माच्या लिंगानुसार बदलतं. पोलिशमध्ये ते कर्त्याच्या लिंगानुसार बदलतं: पुरुष कायम 'प्षेचितावेम' म्हणणार, बाई 'प्षेचितावाम', मग वाचलेलं काहीही असो. अ‍ॅपमधल्या इंग्रजी वाक्यात लिंग दिसतच नाही. म्हणून पहिल्या धड्यापासून आपलं रूप ठरवा आणि दर वेळी तेच टाइप करा.

उच्चारात देवनागरी फार उपयोगी पडते. 'चोर'मधला च आणि 'चिंच'मधला पहिला च वेगळे, हे मराठी कानाला कळतं. पोलिशमध्ये हे दोन्ही आहेत, वर जीभ मागे वळवून काढायचा तिसरा आहे. श आणि ष लिहिताना आपण वेगळे ठेवतो पण बोलताना एकच करतो. पोलिशमध्ये ते खरोखर वेगळे बोलावे लागतात, नाहीतर शब्द बदलतो. नासिक्य स्वरांना बिचकायचं कारण नाही. 'आंबा'त म, 'चंद्र'मध्ये न, 'पंखा'त ङ, हाच नियम तिथेही चालतो: दात म्हणजे 'झोम्प', कोपरा म्हणजे 'कोन्त', हात म्हणजे 'रेङ्का'. आडव्या रेघेचा एल हा जुना जाड ल, आता 'व' झालेला. जळगावला 'जयगाव' म्हणणाऱ्या खान्देशी माणसाला असे बदल नवे नाहीत. आघात, म्हणजे बोलतानाचा जोर, शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर, अपवाद मोजके. अ‍ॅपमधलं संथ आवाजाचं बटण इथे खूप कामाला येतं.

खरा घाम निघतो विभक्तींमध्ये. त्या सात आहेत, आणि प्रत्ययाबरोबर मूळ शब्दही बदलतो: शाळा 'ष्कोवा', शाळेत 'फ्ष्कोले'. घोडा-घोड्याला करणाऱ्याला तत्त्व लगेच समजतं, पण रूपं पाठच करावी लागतात. नकार आला की कर्माची विभक्ती बदलते: 'माम चास' म्हणजे वेळ आहे, 'न्ये माम चासू' म्हणजे वेळ नाही. आकडे तर त्याहून वाकडे. दोन ते चार तिकिटं 'बिलेती', पाच ते एकवीस 'बिलेतुफ', बावीस ते चोवीस पुन्हा 'बिलेती'. तिकीट खिडकीवर, दुकानात रोज हेच लागतं.

अ‍ॅपची रचना अशी की वाक्यं करता करता नियम उमगावा. विभक्तीत तसं होत नाही, कारण शब्दांच्या ठोकळ्यांतून प्रत्यय आयता मिळतो. म्हणून ठोकळे बंद करून कीबोर्ड घ्या. संगणकावर 'पोलिश प्रोग्रामर्स' मांडणी निवडली की उजवा ऑल्ट दाबून शेपटीची आणि रेघेची अक्षरं येतात. झेडवर टिंबवाला झेड, तिरप्या रेघेचा मात्र एक्सवर. वहीत प्रत्येक नामाची चार रूपं लिहा: एकवचनी प्रथमा, षष्ठी, सप्तमी, आणि अनेकवचनी षष्ठी. विक्शनरी या फुकट ऑनलाइन शब्दकोशात पूर्ण तक्ता मिळतो. अ‍ॅपला वीस मिनिटं दिली तर वहीलाही तेवढीच द्या.

आता शेजारणी. दूध हा एकच शब्द घ्या. पोलिश 'म्लेको', चेक 'म्लेको'च पण ए लांब, स्लोवाक 'म्लिएको', युक्रेनियन 'मोलोको'. रशियन लिहितात 'मोलोको' आणि म्हणतात 'मलाको'. ऐकून लिहिणाऱ्याला रशियन म्हणूनच फसवते. युक्रेनियन आणि रशियन दोन्हींची ३३ अक्षरं आठवड्याभरात येतात, ती अडचण नव्हेच. अडचण आघाताची: तो शब्दागणिक, रूपागणिक सरकतो आणि छापील मजकुरात दाखवलेला नसतो.

चेकमध्ये आघात पहिल्या अक्षरावर ठरलेला, नासिक्य स्वर नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर. इ-ई पाळणाऱ्याला ते जमतं. तिथला खास 'र्झ' मात्र महिनोन्महिने घोटावा लागतो, आणि पुस्तकी चेक व बोली चेक यांत बरंच अंतर आहे. पोलिशच्या कुळातल्या स्लाव्ह भाषांत सुरुवातीला आम्ही स्लोवाक सुचवू: वेगळी संबोधन विभक्ती जवळपास उरलेली नाही, नियमही बरेच सुटसुटीत. ती स्लोवाके डॉट ईयू या संकेतस्थळावर फुकट शिकता येते.

लिथुएनियनमध्ये देव 'द्येवस', धूर 'दूमाय' असं जुन्या नात्याचं दिसतं आणि मन सुखावतं. तेवढ्यावर भुलू नका; आघात आणि स्वराचा चढउतार पोलिशपेक्षा कठीण आहेत.

जर्मन या सगळ्यांत लवकर हाती लागते. विभक्ती चारच, आणि गौण वाक्यात क्रियापद मराठीसारखं शेवटी जातं. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा फुकट अभ्यासक्रम ए१ ते बी१, म्हणजे अगदी सुरुवातीपासून मध्यम पातळीपर्यंत नेतो, परीक्षेला पुण्याचं मॅक्स म्युलर भवन आहे.

पोलिशच्या सरकारी प्रमाणपत्र परीक्षेत ऐकणं, वाचन, व्याकरण, लेखन आणि बोलणं असे पाच भाग असतात. ड्युओलिंगो पहिल्या दोन भागांची बऱ्यापैकी तयारी करून देतं. लेखन आणि बोलण्यासाठी शिक्षक लागतोच. समोरासमोर नसला तर ऑनलाइन, आठवड्याला दोन तास तरी.