साखर सोडू की भात? फ्रुक्टोज, इन्सुलिन आणि आपलं ताट

सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’, म्हणजे यकृतात चरबी साठायला लागलेली, आणि रक्ताच्या कागदावर एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तसाखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ६.१: मधुमेहाचा उंबरठा. हे दोन कागद एकदम घरात आले की घरात पंथ पडतात. धाकटा भाऊ म्हणतो, साखर विष आहे, ती बंद कर आणि भात बिनधास्त खा. साडू म्हणतात, साखरेचं काही नाही, सगळा खेळ इन्सुलिनचा, दिवसातून दोनदाच जेव. आई म्हणते, साखरेऐवजी गूळ घाल आणि विषय संपव.

माझ्याकडे हे कागद तीन वर्षांपूर्वी आले. मी डॉक्टर नाही. पण काय सोडायचं हे मलाच ठरवायचं होतं, म्हणून दोन्ही बाजू नीट वाचल्या. तुम्हीही आज त्याच टप्प्यावर असाल तर हा आढावा तुमच्यासाठी आहे.

फ्रुक्टोजवाल्यांचं म्हणणं

साखरेचा एक रेणू म्हणजे अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज. ग्लुकोज शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी वापरते: मेंदू, स्नायू, सगळे. फ्रुक्टोजचा निपटारा मात्र मुख्यतः लहान आतडं आणि यकृत करतं. यकृतात ग्लुकोजच्या वाटेवर एक टोलनाका असतो. पेशीत ऊर्जा पुरेशी असली की तो नाका वाहनं अडवतो. फ्रुक्टोज दुसऱ्या एन्झाइमच्या हातून, नाक्याला वळसा घालून आत येतं. त्याला थांबवणारं कुणी नसतं, त्यामुळे एकदम खूप आलं की जास्तीचं चरबीत बदलायला लागतं. या घाईत पेशीतली एटीपी, म्हणजे ऊर्जेचं चलन, खर्च होते आणि तिच्या मोडतोडीतून युरिक अ‍ॅसिड वाढतं. यकृतात चरबी साठली की ते इन्सुलिनचं, म्हणजे रक्तातली साखर आवरणाऱ्या संप्रेरकाचं, ऐकेनासं होतं, आणि मग स्वादुपिंडाला आणखी इन्सुलिन सोडावं लागतं.

साखरेबद्दलचा हा इशारा लंडनचे आहारशास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी १९७० च्या दशकातच दिला होता, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष आहारातल्या चरबीवर होतं. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे बालरोग-अंतःस्रावतज्ज्ञ रॉबर्ट लस्टिग यांच्या एका व्याख्यानाचा व्हिडिओ जगभर पसरला आणि वाद पुन्हा पेटला.

पुरावा काय? त्याच २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने जादा वजनाच्या माणसांना दहा आठवडे रोजच्या ऊर्जेचा चौथा हिस्सा गोड पेयांतून दिला. काहींच्या पेयात ग्लुकोज होतं, काहींच्या फ्रुक्टोज. वजन दोन्हीकडे सारखंच वाढलं. पण फ्रुक्टोजवाल्यांच्या पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी वाढली आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद घटला. लस्टिग यांच्या गटाने पुढे स्थूल मुलांच्या आहारातली साखर काढून तेवढ्याच कॅलरीचा स्टार्च (भात-पावात असतं ते पिष्ट) दिला. नऊच दिवसांत यकृतातल्या चरबीचा मध्यक (सगळ्या मुलांचे आकडे क्रमाने लावले तर मधोमध येणारा आकडा) ७.२ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्या अभ्यासाची मोठी उणीव. ती २०१९ च्या एका अभ्यासाने बरीचशी भरून काढली. फॅटी लिव्हर असलेल्या ४० किशोरवयीन मुलांपैकी ज्यांच्या घरी आठ आठवडे साखर जवळजवळ बंद केली, त्यांच्या यकृतातली चरबी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. नेहमीचं खाणाऱ्यांची २१ वरून फक्त २० झाली. साखर सोडलेल्यांचं वजनही थोडं उतरलं होतं, म्हणजे सगळं श्रेय फ्रुक्टोज गेल्याला देता येत नाही. तरीही मला हा पुरावा वजनदार वाटतो.

पण मात्रेकडे बघा. २००० कॅलरीचा चौथा हिस्सा म्हणजे ५०० कॅलरी, म्हणजे १२५ ग्रॅम फ्रुक्टोज. साखरेतून तेवढं घ्यायचं तर रोज पाव किलो साखर खावी लागेल. आणि एकूण कॅलरी न वाढवता दुसऱ्या कर्बोदकांच्या जागी फ्रुक्टोज दिलं, तर वजन वाढत नाही, असं टोरंटोच्या सिव्हनपायपर यांच्या गटाने अनेक चाचण्या एकत्र तपासून २०१२ मध्ये दाखवलं. उंदरांवरच्या प्रयोगात तर लहान आतडंच थोडं फ्रुक्टोज ग्लुकोजमध्ये बदलून टाकतं असं दिसलं. यकृताकडे जातो तो आतड्याला न झेपलेला लोंढा. तेव्हा किती आणि किती वेगाने हा खरा प्रश्न आहे. सफरचंद चावून खायला दहा मिनिटं लागतात, उसाचा रस दोन मिनिटांत संपतो.

इन्सुलिनवाल्यांचं म्हणणं

इन्सुलिन हे चरबीच्या कोठाराचं कुलूप आहे, हे कुठल्याही शरीरशास्त्राच्या पुस्तकात मिळेल. ते वाढलेलं असताना चरबी बाहेर पडत नाही. इथून पुढे बोस्टनचे डॉक्टर-संशोधक डेव्हिड लुडविग आणि पत्रकार गॅरी टॉब्स म्हणतात: मैदा, भात, बटाटा, साखर यांनी इन्सुलिन वारंवार वाढतं, खाल्लेलं कोठारात बंद होतं, बाकीचं शरीर उपाशी राहतं, म्हणून भूक लागते. आपण जास्त खातो म्हणून लठ्ठ होत नाही, लठ्ठ होत असतो म्हणून जास्त खातो.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी इन्सुलिनचा हा धागा पकडून बिनकष्टाने वजन कमी करण्याचं सूत्र मांडलं. २००४ मध्ये ते अपघातात गेले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो विचार गावोगाव नेला: कडाडून भूक लागेल तेव्हा दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवण, मध्ये काही नाही, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. त्याच वेळी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडं थोडं खायला सांगत होत्या. लग्नाच्या पंगतीतही यावर वाद झडलेले मी ऐकलेत.

या बाजूचा पुरावा मला संमिश्र वाटतो. स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ लोकांना वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार दिला. एका गटाचं वजन ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. ज्यांचं शरीर इन्सुलिन जास्त सोडतं त्यांना कमी कर्बोदकांचा जास्त फायदा होईल हा अंदाजही खोटा ठरला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना संस्थेतच ठेवून, हवं तेवढं खा म्हणून, दोन-दोन आठवडे दोन्ही प्रकारचं अन्न दिलं. कमी चरबीच्या, भरपूर कर्बोदकांच्या आहारावर जेवणानंतरचं इन्सुलिन बरंच जास्त होतं, तरी लोक रोज सुमारे ७०० कॅलरी कमी खाल्ले. सध्या ज्याची सगळीकडे चर्चा आहे ते मधुमेहाचं आणि वजन उतरवण्याचं औषध सेमाग्लुटाइड जेवणानंतर इन्सुलिन वाढवतं, तरी भूक मरते आणि वजन उतरतं. इन्सुलिन हाच एकटा खलनायक असता तर हे कसं घडलं असतं?

मात्र इथे एक भेद जपा. वजन का वाढतं याचं उत्तर म्हणून हा सिद्धांत अपुरा आहे. रक्तातली साखर का वाढते हा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथे कर्बोदकं कमी केल्यावर आकडे उतरतात याबद्दल फारसं दुमत नाही. आपल्या देशात हे जास्तच लागू पडतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीनुसार भारतीय माणसाच्या ऊर्जेचा सुमारे ६२ टक्के भाग कर्बोदकांतून येतो, आणि त्यातला मोठा वाटा पॉलिश केलेला तांदूळ, पीठ आणि साखर यांचा आहे.

एकच बाजू पूर्ण मानली तर

फ्रुक्टोज खाल्ल्यावर इन्सुलिन फारसं वाढत नाही, रक्तातलं ग्लुकोजही नाही. याच कारणाने एके काळी ते मधुमेहींसाठी चांगलं गोड म्हणून विकलं जायचं! फक्त इन्सुलिनच बघायचं म्हटलं तर शुद्ध फ्रुक्टोज निर्दोष ठरतं. फक्त फ्रुक्टोजच बघायचं म्हटलं तर पांढरा भात, साबुदाणा, मैद्याचा पाव निर्दोष ठरतात, कारण स्टार्च म्हणजे नुसती ग्लुकोजची साखळी. माझ्या भावाने नेमकं हेच केलं. चहा बिनसाखरेचा आणि ताटात भाताचा डोंगर. सहा महिन्यांनी त्याचे ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) होते तिथेच होते. यकृताकडे गरजेपेक्षा जास्त ग्लुकोज आणि जोडीला चढं इन्सुलिन गेलं तर तेही चरबी बनवतंच.

दोन्ही वाटा यकृतातल्या चरबीपाशी एकत्र येतात. ब्रिटनमधल्या न्यूकॅसलचे डॉ. रॉय टेलर यांनी ती काढून दाखवली. २०१७ च्या चाचणीत, मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी दिल्या. वर्षअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. अर्थात हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं.

‘पण मी तर बारीक आहे’ म्हणणाऱ्यांसाठी पुण्याची एक गोष्ट. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन एस. युडकिन (हे वर आलेले युडकिन नव्हेत) या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला. वजनकाट्यावर विसंबू नका. कंबर मोजा: पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर सावध व्हा.

गूळ, मध, रस, फळ

मी पन्हाळ्याच्या पायथ्याला गुऱ्हाळांच्या वासात वाढलो. काहिलीतून ताजी काकवी भाकरीवर घेऊन खाल्ली आहे आणि गुळावर माझं प्रेम आहे, म्हणून हे सांगताना वाईट वाटतं. गूळ म्हणजे बहुतांशी तीच साखर, थोडी खनिजं आणि सुंदर चव. यकृताला तो साखरेपेक्षा वेगळा दिसत नाही. मधात तर ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज थोडं जास्तच असतं, साधारण ४० टक्के. ‘शुगर फ्री, गुळाचे’ असं लिहिलेले लाडू मी दुकानात पाहिले आहेत, आणि ज्येष्ठ माणसं विश्वासाने ते घेताना बघून राग येतो.

उसाच्या रसाचा एक मोठा ग्लास म्हणजे ३० ग्रॅमच्या वर साखर, कोला तेवढाच. फळाचं मात्र वेगळं. हापूसच्या १०० ग्रॅम गरात साधारण १४ ग्रॅम साखर असते, पण सोबत चोथा असतो आणि एका आंब्यावर हात थांबतो. आमरसाच्या वाटीत तीन-चार आंबे आणि वरून साखर जाते, तिथे हा हिशोब बिघडतो. फळ सोडून सकाळी मध-लिंबू पाणी घेणारे बरेच जण भेटतात. त्यांनी अगदी उलट करावं.

मग तुम्ही काय निवडाल?

तुमचं गोड पिण्यातून येत असेल तर आधी फ्रुक्टोजवाल्यांचं ऐका. यात कोला पिणारं पोरगंच येतं असं नाही. दिवसाला पाच कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे जवळपास ५० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २००० कॅलरीच्या आहारासाठी दिलेली कमाल मर्यादा तेवढीच आहे, आणि २५ च्या आत राहिलात तर उत्तम असं ती म्हणते. श्रीखंड-बासुंदी अजून मोजलेलीच नाही. ट्रायग्लिसराइड आणि यकृताचे आकडे चढे असतील, युरिक अ‍ॅसिडचा त्रास असेल, तरी सुरुवात इथूनच करा. हे सगळ्यात स्वस्त पाऊल आहे, आणि पंधरा-वीस दिवसांत जीभ सरावते.

गोड तुम्ही आधीच फारसं खात नसाल आणि जेवणानंतर दोन तासांची साखर चढत असेल, तर इन्सुलिनवाल्यांचं ऐका. एका मध्यम चपातीत १५ ते २० ग्रॅम कर्बोदकं, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात २८ च्या आसपास. चार चपात्या आणि वर दोन वाट्या भात ही शेतात राबणाऱ्याची भूक आहे, खुर्चीत बसणाऱ्याची नाही. दोन चपात्या कमी करून उसळ, अंडी, मासे, ताक यांनी ती जागा भरा. उपवासाची साबुदाण्याची खिचडीही याच हिशोबात धरा. जेवणं दोन की तीन याला मी फार महत्त्व देत नाही. दोनदा जेवून मधलं फरसाण, बिस्किटं, चहा सुटत असतील तर दोनदा जेवणं चांगलंच आहे. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकही जेवण चुकवू नका. साखर अचानक खाली जाऊन माणूस कोसळतो.

दोन्ही लागू पडत असेल, म्हणजे चहाही गोड आणि भातही ढीगभर, तर एकदम सगळं सोडू नका. आधी पेयांतली साखर, महिन्याभराने भाताचा ढीग. मी याच क्रमाने गेलो. एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा करा, त्याआधी केलं तर बदल पुरता दिसत नाही. ट्रायग्लिसराइड मात्र पेयांतली साखर थांबल्यावर काही आठवड्यांतच हलायला लागतात, तेव्हा पहिल्या महिन्यानंतर तोच कागद आधी बघा.