कॅनन सेल्फी सीपी१५०० : ओसरीवरच्या माणसांसाठी घेतलेला फोटो प्रिंटर

तुमच्या घरी सगळ्यांकडे मोठा फोन असेल आणि सगळ्यांना तो चालवता येत असेल, तर हा प्रिंटर घेऊ नका. पैसे वाचतील. आमच्या घरी तसं नाही. यांच्या आजीला जवळचं नीट दिसत नाही, मामाजींकडे बटनाचा फोन, आणि आत्याबाईंच्या मोठ्या फोनवर कीर्तनाशिवाय दुसरं काही लागत नाही. मी घरच्या ग्रुपवर टाकलेले फोटो पुण्याची नणंद पाहते, नागपूरचे भाऊजी पाहतात, अंगठा दाखवतात, झालं. ज्यांचे फोटो आहेत ती माणसं मात्र ओसरीवर बसून विचारतात, "त्या दिवशी फोटो काढला होता ना वं, तो काय झाला?"

आम्ही वरुड तालुक्यातले, संत्र्याच्या पट्ट्यातले. कुरिअरवाला गावात शिरत नाही, फाट्यावर बोलावतो आणि उशीर झाला तर वर आपल्यालाच ऐकवतो. तर तिथून हा खोका आणला. (नावातली सेल्फी म्हणजे आपण फोनने काढतो ती नव्हे, कॅननच्या या प्रिंटरांचं नावच ते आहे.) वजन किलोच्या आत. फोटो निघतो तो पोस्टकार्डाचा, १०० बाय १४८ मिलिमीटर, म्हणजे स्टुडिओत आपण चार बाय सहा म्हणतो तेवढा. खिशात मावणारे छोटे प्रिंटरही मिळतात, पण त्यांचा फोटो दोन बाय तीन इंचाचा. त्यात आजीला काय दिसणार?

यात शाईच्या बाटल्या नाहीत. पातळ रिबिनीवर रंग असतो, उष्णतेने त्याची वाफ होते आणि तो कागदात मुरतो. कागद चार वेळा आतबाहेर करतो: आधी पिवळा, मग गुलाबी, मग निळा, आणि शेवटी वरून पारदर्शक थर. पहिल्यांदा लावला तेव्हा आजीला समोर खुर्चीवर बसवलं होतं. छापत होते तिचाच फोटो, लुगड्यातला, अंगणात बसलेला. पिवळा फेरा बाहेर आला तशी ती पुढे वाकली.

"अवं माय, मले कावीळ झाल्यावानी काहून दिसते?"

दुसऱ्या फेऱ्याला चेहरा लालभडक. आजी गप्प. निळा फेरा झाला आणि लुगड्याचा हिरवा रंग उमटला तेव्हा म्हणाली, "हाव, आता मी झाली." मग फोटो हातात घेऊन उलटासुलटा केला, अंगठ्याने चेहऱ्यावरून घासून पाहिला, आणि मामाजींना सांगितलं, "हा मोठा करून ठेव रे, हार घालाले कामी पडन." मामाजी उठून बाहेरच गेले.

कंपनी एका फोटोला सुमारे ४१ सेकंद सांगते. तेवढा वेळ कागदाला हात लावायचा नाही, ओढायचा तर मुळीच नाही. आमच्या धाकटीला तेवढ्यापुरतं लांब बसवावं लागतं. कागद मागच्या बाजूनेही बाहेर येतो, म्हणून प्रिंटर भिंतीला खेटून ठेवू नका. शेवटचा थर बसला की फोटो कोरडाच निघतो, ओल्या बोटांनी धरला तरी रंग सुटत नाही. आमच्याकडे फोटो हातोहात फिरतात, त्यात एखादा हात नुकता भांडी घासून आलेला असतोच. अल्बममध्ये नीट ठेवला तर १०० वर्षं टिकतो असा कंपनीचा दावा आहे. तो खरा का खोटा हे नातवंडांनी बघावं. पण आमच्या लग्नाच्या वेळच्या चिकट पानांच्या अल्बमची जी गत झालीय (डिंक पिवळा पडलाय, फोटो सोडवू जावं तर कागदच फाटतो) ती पाहता मी हे फोटो साध्या खिशांच्या अल्बममध्येच घालते.

आमच्याकडे नेटवर्कचा भरवसा नाही, आणि याला इंटरनेट लागत नाही ही मला सगळ्यात मोठी सोय वाटते. फोन सरळ प्रिंटरच्या वायफायला जोडायचा, कॅननच्या अ‍ॅपमधून फोटो निवडायचा. मेमरी कार्डही सरळ प्रिंटरमध्ये घालता येतं. लाइन गेली की इन्व्हर्टरवर चालतो. बॅटरी वेगळी विकत मिळते, पण मी घेतली नाही, वावरात नेऊन कोणाला फोटो छापायचे आहेत?

याचा खरा उपयोग झाला तो गोठ्याच्या कामात. बैलजोडी विकल्यावर घराच्या मागचा गोठा रिकामाच पडला होता. तिथे पोरांना अभ्यासाची खोली करायची ठरली. गव्हाण फोडली, खाली फरशी टाकली, टिनाखाली पीओपीची शीट लावली, आणि बैल बांधायचा सागवानी खुंटा मामाजींनी काही केल्या काढू दिला नाही. तो आता खोलीच्या कोपऱ्यात उभा आहे, त्यावर दप्तरं टांगतात. काम चालू असताना मी रोज संध्याकाळी एकाच जागेवरून, दाराच्या उंबऱ्यावरून, फोटो काढत गेले. ते छापून सुतळीला कपड्यांच्या चिमट्यांनी ओळीने लावले. गवंडीदादा काम संपल्यावर हिशेबाला आले, तर पैसे मोजायचे सोडून ती ओळ पाहत उभे राहिले, आणि त्यातला एक मागून घेऊन गेले. दुसऱ्या गिऱ्हाईकाला दाखवायला म्हणे. फोनमधून पाठवते म्हटलं तर नको म्हणाले, हाच द्या.

कागदाच्या मागच्या बाजूला पोस्टकार्डासारख्या रेघा असतात (केपी१०८ या कॅननच्या कागद-रिबिनीच्या पाकिटात तरी). मामाजी तिथे बॉलपेनने तारीख आणि कोण कोण आहे ते लिहितात. फोटोत नसलेलं पण लिहितात. संत्र्याच्या आंबिया बहाराच्या तोडणीच्या फोटोमागे त्यांनी त्या दिवशीचा भाव आणि व्यापाऱ्याने छाटणीत बाजूला काढलेला माल लिहून ठेवलाय. नणंदेला पुण्याला तो फोटो पाठवला तर तिने फोटोपेक्षा मागचंच दोनदा वाचलं.

आता खर्चाचं. पाकिटात १०८ कागद आणि प्रत्येकी ३६ फोटोंच्या ३ रिबिनी येतात. पाकिटाची किंमत भागिले १०८, हा हिशेब घेण्याआधी करा, कारण प्रिंटर एकदाच घ्यायचा असतो, पाकीट वारंवार. गावातल्या लॅबमध्ये ढिगाने फोटो काढून आणले तर स्वस्त पडतात, यात वाद नाही. लग्नाचे, मुंजीचे शेकड्याने फोटो काढायचे असतील तर लॅबच बरी. आणि एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही: फोटो कसलाही असो, रिबीन तेवढीच जाते. पावसाळ्यात आम्ही चिखलदऱ्याला गेलो होतो. देवी पॉइंटला इतकं धुकं, की फोटोत आम्ही सोडून सगळं पांढरं. मोठ्याला वाटलं यात रंग वाचेल. नाही वाचत. पिवळ्याचा, गुलाबीचा, निळ्याचा एकेक तुकडा गेलाच. उलट फायदा असा, की शाई वाळणं, नळी चोंदणं हा प्रकारच नाही. शाईचा प्रिंटर उन्हाळाभर बंद ठेवला तर काय होतं ते शाळेतल्या कोणालाही विचारा. हा महिनोन्महिने कपाटात ठेवला तरी काढून लावला की चालू.

वापरलेल्या रिबिनीचं मात्र सांभाळा. तिच्यावर छापलेला प्रत्येक फोटो उलट्या रंगात जसाच्या तसा राहतो. पोट्ट्यांनी एक रिबीन उलगडून उन्हात धरली, तर अख्खं खानदान ओळखू येत होतं. आधार कार्डाचा वगैरे फोटो छापलात तर रिबीन कात्रीने कापून मगच टाका.

फोटो कापला जाण्याची तक्रार पुष्कळांची असते. फोनचा साधा आडवा फोटो या कागदापेक्षा आखूड असतो. बिनकाठाचा छापायचा म्हटलं तर वरून-खालून मिळून साधारण दहावा भाग जातो. ग्रुप फोटोत मागच्या ओळीतल्या उंच भाऊजींचं डोकं त्यातच जायचं. एक तर फोटो काढतानाच वर-खाली जागा सोडा, नाहीतर पांढऱ्या काठाचा पर्याय निवडा. कोणाच्या स्टेटसवरून स्क्रीनशॉट मारलेला फोटो छापू नका, चेहरे पुसट येतात. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या. आणि रात्रीचे फोटो फोनवर दिसतात त्यापेक्षा कागदावर गडद येतात, अ‍ॅपमध्ये उजेड थोडा वाढवून घ्यायचा.

उन्हाळ्याचं वेगळं आहे. माहितीपत्रकात चालवायची मर्यादा ४० अंशांची आहे. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो, म्हणून तेव्हा सकाळी लवकर छापायचं. धूळ हा याचा दुसरा शत्रू. कणभर धूळ कागदावर बसली की तिथे पांढरा ठिपका. कागदाचा ट्रे एका वेळी १८ कागद घेतो. उरलेले कागद पाकिटातच ठेवा, आणि काम झालं की ट्रे काढून झाकून ठेवा.

एक त्रास मात्र प्रिंटरचा नाही, गावाचा आहे. यावर ओळखपत्राचे छोटे फोटो एका कागदावर कितीतरी निघतात. हे आत्याबाईंनी निंदणाला आलेल्या बायांना सांगितलं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली होती, तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक बाई फोटो आणि आधार पिशवीत घेऊनच फिरते. आता कोणाला बँकेत लागतो, कोणाला शाळेत, सगळ्या ओसरीवर. पांढरी चादर खुंटीला बांधलेलीच असते. पैसे घ्यावेत तर शेजारधर्म, न घ्यावेत तर पाकीट संपतं. शेवटी आत्याबाईंनीच तोडगा काढला: फोटो फुकट, पण येताना घरचं काहीतरी आणायचं. त्यामुळे सध्या आमच्याकडे सांडगे आणि मुगवड्या विकत आणाव्या लागत नाहीत.

घ्यायचा असेल तर प्रिंटरसोबत एक पाकीट जास्तीचं मागवा, आणि तेही दिवाळीच्या आधी. लेकीबाळी माहेरी आल्या की दोन दिवसांत एक रिबीन उडते, आणि आमच्या तालुक्याच्या बाजारात हे पाकीट मिळत नाही.