आठ महिने वेताळ टेकडीवर होकायंत्र घेऊन पळल्यावर

आधीच सांगते, मी ॲथलीट वगैरे काही नाही. वय ४३, एक गुडघा कुरकुरणारा, आणि सहा वर्षं सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पळतेय. जूनच्या सुरुवातीला ऑनलाइन एक होकायंत्र घेतलं, पारदर्शक पट्टीवर फिरणारी डबी असते ना तसलं, साडेअठराशेला. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली जी तक्रार आहे ती चुकीचा झोन, म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्याच भागासाठी बनवलेली सुई, घेतलात तर कुठल्याही ब्रँडमध्ये येईल.

घेतलं का, तर पळायचा कंटाळा आला होता. तोच चढ, वर वेताळाचं देऊळ, खाणीला वळसा, घरी. पाय आपोआप चालायचे आणि डोक्यात ऑफिसचे मेल. मग कुठेतरी ओरिएंटियरिंगबद्दल वाचलं, की नकाशावरचे पॉइंट आपले आपण वाट शोधत पळत गाठायचे, आणि म्हटलं ह्यासाठी स्पर्धा कशाला हवी, टेकडी आहे की घराजवळ.

नकाशाची मात्र खटपट करावी लागते. सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची शीट इथे उपयोगाची नाही, २ सेंमी म्हणजे १ किमी, कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, २० मीटरवर, अर्धी टेकडी अंगठ्याखाली जाते. मी ओपनस्ट्रीटमॅप ह्या लोकांनी मिळून केलेल्या ऑनलाइन नकाशाची माहिती घेऊन ओपनओरिएंटियरिंग मॅपर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये १:१०,००० चा नकाशा केला, १ सेंमीला १०० मीटर. ह्या नकाशात पांढरं म्हणजे पळता येण्याजोगी झाडी आणि गडद हिरवं म्हणजे घुसू नका. मी पाऊस यायच्या आधी बराच भाग पांढरा ठेवून मोकळी झाले, ऑगस्टमध्ये जाऊन बघते तर त्याच जागी कमरेएवढं गवत, आणि दिवाळीच्या सुमारास तेच गवत वाळून मोज्यात इतकी कुसळं की घरी आल्यावर अर्धा तास तेच काम.

आता रोजचं असं, की आदल्या रात्री सहा जागा पेनने गोल करायच्या, एखादा बंधारा, एकटा कातळ, चराचं टोक. पावसाचं पाणी अडवायला खणलेले समतल चर तर ह्या खेळात वरदान आहेत, चराच्या कडेने पळत राहिलं की तुम्ही त्याच उंचीवर राहता, म्हणजे जमिनीवरच कंटूर आखून दिलाय कुणीतरी. अंतर पावलांवर मोजते, उजवा पाय सपाटीवर १०० मीटरला ४५ वेळा पडतो, चढावर ६० च्या पुढे. पुण्यात दिक्पात, म्हणजे सुईची उत्तर आणि खरी उत्तर ह्यातला फरक, एक अंशाच्या आत आहे, किलोमीटरला जेमतेम १५ मीटर चूक, त्यामुळे ती आकडेमोड सोडून द्या.

सहा वर्षं पळूनही मला टेकडी माहीत नव्हती हे पहिल्या आठवड्यातच कळलं. पायवाटा माहीत होत्या, त्यांच्या मधलं काहीच नाही. वेग मात्र पार झोपला, ५ किमीला ३५ मिनिटं लागायची तिथे आता ५५, त्यात मधे थांबून नकाशा फिरवत असते तेव्हा एखादे काका हमखास विचारतात, "ताई, काही हरवलंय का?"

आता तक्रार. सुई तिरकी बसते. हातात सरळ धरलं तर तिचं दक्षिण टोक खाली टेकतं, घासतं आणि अडकतं. असली पट्टीवाली होकायंत्रं मूळची स्वीडनची, आणि तिकडे पृथ्वीचं चुंबकत्व सुईचं उत्तर टोक जोरात खाली ओढतं म्हणून दक्षिण टोक मुद्दाम जड ठेवतात. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या बरेच जवळ, इथे ती ओढ कमी, मग ते जड टोक आपलं लोंबतंय. उभं राहून पट्टी थोडी कलती केली की सुई सुटते, पण पळताना, घामेजल्या हाताने, रोज सहा वेळा? वैताग येतो. विकणाऱ्याने पानावर झोनचा उल्लेखसुद्धा केला नव्हता, मेल केला तर उत्तर आलं "सर, प्रॉडक्ट ओके आहे". सर!

दुसरी गोष्ट, ह्यात चूक माझी. होकायंत्र फोनच्या कप्प्यात ठेवायचे आणि फोनच्या कव्हरला लोहचुंबक. ऑगस्टमधली एक सकाळ, ढग खाली उतरलेले, सूर्याचा पत्ता नाही. बंधाऱ्याची दिशा लावली आणि निघाले, पावलं मोजतेय, बंधारा काही येईना, आणि झाडं संपून समोर एकदम मोकळं दिसायला लागलं. खाणीचा काठ! सुईचे ध्रुवच उलटे झाले होते, लाल टोक दक्षिण दाखवत होतं आणि मी नेमकी उलटी पळत आले होते. घरी शेजारच्या पोराच्या सायन्स किटमधला चुंबक सुईवरून चारपाच वेळा फिरवला, तेव्हा सुलटी झाली. तेव्हापासून फोन डाव्या खिशात, होकायंत्र गळ्यात, आणि खाणीच्या बाजूला सरळ रेषेत पळायचं नाही, पायवाटेनेच जायचं.

बाकी डबीत मोहरीएवढा बुडबुडा आलाय, त्याने काही बिघडत नाही. पट्टीवरची मिलिमीटरची रेघोटी मात्र घामाने पुसट झालीय.

पाचात तीन स्टार. घ्यायचं असेल तर भारताच्या झोनचं आहे का ते विचारून घ्या, नाहीतर कुठेही चालणारी ग्लोबल सुई घ्या, महाग पडते. मी तीच मागवलीय, गुरुवारी येतेय.