सीएसआर फंड मिळवून देतो म्हणणाऱ्यांपासून सांभाळा, आमचे ८३ हजार गेले

छोट्या संस्था चालवणाऱ्यांनी जरूर वाचा, कारण जानेवारी ते मार्च हाच या लोकांचा सीझन. आमची संस्था माण तालुक्यात झेडपी शाळांसाठी काम करते, मुलींची स्वच्छतागृहं, पाण्याच्या टाक्या वगैरे, सगळं लोकवर्गणीवर. ओळखीतून ओळख निघत एक जण आला, सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी घालायच्या पैशांचा कन्सल्टंट म्हणे, सोबत आलेला पोरगा त्याला सर सर करायचा म्हणून आम्हीपण सर म्हणायला लागलो. चाकणच्या एका मोठ्या कंपनीचं नाव घेतलं, तिचा फंड पडून आहे, ३१ मार्चच्या आत उचलला नाही तर लॅप्स होणार, तुम्हाला ४० लाख बसवून देतो.

यात अर्धं खरं असतं, तिथंच माणूस फसतो. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ आहेच, ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, तिला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर घालावीच लागते. पण लॅप्सबिप्स काही नसतं. चालू प्रकल्पाचे उरलेले पैसे कंपनी ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकते आणि पुढची ३ वर्षं वापरते, तसा प्रकल्प नसेल तर ६ महिन्यांत पीएम रिलीफसारख्या सरकारी फंडात भरते. त्यामुळे मार्च एंडची घाई कंपनीला असली तरी ती कन्सल्टंटला फी भरून भागत नाही.

पहिले १८ हजार त्याने सीएसआर-१ साठी, म्हणजे हे पैसे घेणाऱ्या संस्थेच्या नोंदणीच्या फॉर्मसाठी घेतले. हा फॉर्म १ एप्रिल २०२१ पासून लागतो हे खरंय, पण त्याला सरकारी फी शून्य. १२ए, ८०जी (आयकर खात्याकडच्या नोंदण्या) आणि कामाची ३ वर्षं असली की आपला नेहमीचा सीए भरून देतो, विश्वस्ताची डिजिटल सही लागते आणि नंबर सिस्टीममधूनच येतो. आमचा नंबर आला आणि तो खराच होता, त्यामुळे तर सगळे आणखी निर्धास्त झाले. डीएससीचा, म्हणजे त्या डिजिटल सहीचा पेनड्राईव्ह मात्र पासवर्डसकट त्याच्याकडेच राहिला, पुढे लागेल म्हणाला.

मग ड्यू डिलिजन्सचे २५ हजार, म्हणजे कंपनीची टीम बघायला येणार त्यांचा खर्च. (खऱ्या कंपन्या हा खर्च स्वतः करतात, संस्थेकडून चहाचे पैसेसुद्धा घेत नाहीत.) टीम म्हणजे ब्लेझर घातलेला एकच माणूस. हेडमास्तरांनी रांगोळी काढून घेतली होती, पोरी गुलाब घेऊन उन्हात उभ्या, याने मोडक्या संडासाचे फोटो काढले, झुणका भाकरी खाल्ली, ठेचा दोनदा मागून घेतला आणि गेला. आठवड्याभरात व्हॉट्सॲपवर लेटरहेडवर मंजुरीचं पत्र, गोल शिक्का, सही, सगळं झक्क, आणि त्यावर एक टक्का डिपॉझिट, ४० हजार, तेही गेले.

त्यानंतर खरा डाव कळला. कन्सल्टंट म्हणाला, पैसे खात्यावर आले की ३५ टक्के रोख परत द्यायचे, वर पाठवावे लागतात, बिलं मी लावून देतो. आमचे खजिनदार पोस्टातनं रिटायर झालेले, ते म्हणाले काम झाल्याच्या दाखल्यावर सह्या आपल्या विश्वस्तांच्या, आत आपण जाणार, हा कुठंय कागदावर? त्यांनीच ते पत्र नीट वाचलं. कंपनीच्या सीआयएन म्हणजे नोंदणी नंबरात मधली दोन अक्षरं राज्याची असतात, महाराष्ट्रात नोंदलेल्या कंपनीची एमएच. पत्रावर होतं डब्ल्यूबी, म्हणजे पश्चिम बंगाल. एमसीएच्या (केंद्राचं कंपनी खातं) साईटवर तो नंबर टाकला तर भलतीच कंपनी निघाली, चाकणशी काही संबंध नाही. मग वेबसाईटवरून खऱ्या कंपनीच्या ऑफिसचा नंबर घेऊन फोन केला, तिथल्या मॅडम म्हणाल्या असा माणूस आमच्याकडे नाही आणि आम्ही एजंट नेमतच नाही. कंपनीने त्या वर्षी मंजूर केलेल्या प्रकल्पांची यादीही त्या वेबसाईटवरच होती, कायद्याने टाकावीच लागते, ५ मिनिटांचं काम, त्यात आमचं नाव कुठलं असायला.

पैसे ज्या खात्यात गेले ते तिसऱ्याच कुणाच्या नावावर. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला फोन केला, पोलिसांत अर्ज दिला, तिथं पहिला प्रश्न असा की तुम्हीच पाठवलेत ना मग. तरी अर्ज घेतला, पोच घेऊन ठेवलीय. डीएससी दिलेल्या एजन्सीला मेल करून ती रद्द करून घेतली, हे तुमचं झालं असेल तर पोलिसांच्याही आधी करा, त्या सहीने तो संस्थेच्या नावावर काहीही भरू शकतो. कोरी लेटरहेडं दिली असतील तर त्याचीही नोंद अर्जात टाका, आमची ४ त्याच्याकडे आहेत. खटाव आणि आटपाडीकडच्या संस्थांनाही हाच माणूस भेटलाय असं ऐकतोय, तुमच्याकडे तसलं पत्र असेल तर फाडू नका, सगळ्यांची मिळून एकच तक्रार द्यायचं चाललंय.