नर्सरीच्या वेबसाइटचे नऊ महिने

शेंदूरजना घाटला आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. गावात जिकडे बघाल तिकडे पन्हेरी, म्हणजे रोपवाटिका. त्यामुळे वेबसाइट काढतोय म्हटल्यावर शेजारचे काका म्हणाले, "काहून बापा, गिऱ्हाईक कमी पडून राह्यलं का?" कमी नव्हतं. पण मुलताई, पांढुर्ण्याकडचे लोक फोनवर रोज तेच विचारायचे: खुंट (ज्यावर कलम बांधतात ते लिंबाच्या जातीचं रोप) जंभेरीचा की रंगपूरचा, कलम किती उंच, भाव काय.

आधी एकदा तोंड पोळलं होतं. आधी साइट करून देणाऱ्या माणसाने डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घेतलं, नंबर बदलला आणि मुदत संपल्यावर आमच्या नर्सरीच्या नावाचा पत्ताच हातचा गेला. या वेळी साइट बनवणाऱ्या अमरावतीच्या पोराने पहिल्याच दिवशी सांगितलं, "डोमेन तुमच्या ईमेलवर, तुमच्या पैशाने घ्या, पासवर्ड वहीत लिहा." तिथेच तो मला पटला. बांधणीचे 15,000, देखभालीचे वर्षाला 4,000.

सुरुवातीला साइट शिवारात उघडतच नव्हती. मी मोबाइलवरून काढलेले फोटो जसेच्या तसे दिले होते, एकेक चार-पाच एमबीचा, आणि पहिल्याच पानावर बारा. आमच्याकडे नेटची एक काडी आली तरी नशीब. त्याने ते वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात बदलून शंभर-दीडशे केबीवर आणले. छापखान्यातून आणलेल्या भावपत्रकाने वेगळाच घोळ घातला. ते जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं, साइटवर टाकलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर नीट दिसेल अशा मराठीत, नव्याने टाइप करावं लागलं. ते माझ्या पुतणीने केलं, त्याचे पैसे अजून द्यायचेत.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. पावसाळ्याच्या लागवडीची बुकिंगं सुरू होती आणि साइट उघडली की 'हे कनेक्शन सुरक्षित नाही'. रात्री आठला फोन केला, त्याने उचलला. साइट सुरक्षित असल्याचं लेट्स एनक्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट 90 दिवसांचं होतं, तपासणी होऊन आपोआप नवं व्हायचं. पण मार्चमध्ये त्यानेच घातलेल्या रीडायरेक्टच्या (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवण्याच्या) नियमात त्या तपासणीची फाइल अडकत होती. तासाभरात साइट सुरू. चूक आपली आहे हेही त्याने स्वतःहून सांगितलं, असं सांगणारे कमी.

तक्रार आहे ती चौकशीच्या फॉर्मची. लोक भरत होते, पण मेल स्पॅममध्ये जाऊन पडत होते. पाच आठवड्यांनी कळलं, तेही एका गिऱ्हाइकाने फोनवर झापल्यावर. देताना एकदा स्वतः भरून बघायला काय हरकत होती? आता फॉर्म काढून व्हॉट्सॲपचं बटण ठेवलंय. आमच्या धंद्याला तेच बरं, माणूस बागेचा फोटोही लगेच पाठवतो.

नवं गिऱ्हाईक ढिगाने आलं असं म्हणणार नाही. फरक फोनमध्ये पडला: आता भाव बघूनच फोन येतो, पहिला प्रश्न 'गाडी कधी पाठवू'. भाव मी मोबाइलवरूनच बदलतो. अपडेट आणि बॅकअप त्याच्याकडे. महिन्याला बॅकअपची एक प्रत माझ्या पेनड्राइव्हवर घेतो, ते मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही.

हिंदी पानाचं काम बाकी आहे. त्याने ते मशीनने भाषांतर केलं. आम्ही लिहिलं होतं, 'डोळा बांधून तयार केलेली कलमं'; डोळा म्हणजे फांदीवरचा कोंब, तो खुंटावर बांधतात. हिंदीत झालं, 'आँखों पर पट्टी बाँधकर तैयार'. मुलताईच्या एका दादांनी स्क्रीनशॉट पाठवून विचारलंय, कलम अशी आंधळेपणाने बांधता का म्हणून.