रुंद पाठीला रुंद खोगीर: बदलत्या गलेटचं सिंथेटिक सॅडल मुंबईच्या हवेत

तंग आवळला तरी कान मागे न पाडणारा, स्टुलापाशी खांबासारखा उभा राहणारा, शेजारून पाण्याचा टँकर गेला तर फार तर एक कान तिकडे वळवणारा घोडा ज्यांच्याकडे आहे, त्यांना त्याचं सुख वेगळं सांगायला नको. आखूड भक्कम पाय, पिंपासारखं पोट, पाटासारखी सपाट पाठ. इंग्लंड-आयर्लंडात या बांध्याला कॉब म्हणतात. वेल्श कॉबसारखी नोंदणी असलेली जात आहे, पण एरवी कॉब ही जात नव्हे, ठेवण आहे. उंची खांद्यापाशी साधारण 54 ते 61 इंच, म्हणजे पोरगेल्या स्वारालाही चढता येईल आणि पन्नाशीतल्यालाही उतरताना गुडघा आठवणार नाही. अस्सल कॉब मुंबईच्या पागांत सहसा दिसत नाही. त्याच बांध्याची गुटगुटीत क्रॉसब्रीड जनावरं मात्र दिसतात, आणि खोगिराला जातीचा दाखला लागत नाही, त्याला पाठ कळते.

घोडं अडतं ते इथेच. मुंबईत घोडेस्वारीचं सामान बहुतेक थरोब्रेडच्या मापाने घेतलेलं असतं, कारण शर्यतीतून निवृत्त झालेले घोडेच स्वारीसाठी जास्त करून येतात. त्यांचा खांद्यावरचा उंचवटा, म्हणजे वाइदर्स, टोकदार आणि दोन्ही बाजूंनी उतरता. तेच खोगीर रुंद पाठीवर टाकलं की पुढची कमान चिमट्यासारखी खांद्यात रुतते आणि मागचा भाग खाली बसतो. तापट घोडा अशा वेळी पाठ उचलून सांगतो. कॉब सांगत नाही, चालत राहतो. दोन महिन्यांनी पाठीवर पांढरे केस उगवतात आणि मग सगळ्यांना कळतं. पांढरा केस म्हणजे तिथल्या कातडीला मार बसून गेलेला आहे. नंतर खोगीर बदललं तरी तो केस बहुधा काळा होत नाही.

म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नाही, एका प्रकाराचं आहे: सिंथेटिक कापडाचं, रुंद ट्रीचं (ट्री म्हणजे खोगिराच्या आतला सांगाडा) आणि पुढची धातूची कमान, म्हणजे गलेट, बदलता येणारं जनरल पर्पज खोगीर. निकाल आधीच सांगून टाकतो. मुंबई, ठाणे, कर्जत, अलिबाग या पट्ट्यात, जिथे जून ते सप्टेंबर हवाच पिळून घ्यावी अशी असते, तिथे गोल पाठीच्या घोड्यासाठी पहिलं खोगीर हेच घ्यावं. पण ‘गलेट बदललं की कुठल्याही घोड्याला बसतं’ हे विकणाऱ्याचं वाक्य अर्धंच खरं आहे.

आधी माप. खोगीर बघायला जाण्यापूर्वी पाठीचा आकार कागदावर घ्या. ड्रॉइंगचं सामान मिळतं त्या दुकानात वाकवली की तशीच राहणारी पट्टी मिळते, फ्लेक्झिबल कर्व्ह म्हणतात तिला. 60 सेंटिमीटरची घ्या, 30ची रुंद पाठीला पुरत नाही. पट्टी नसेल तर वायरमनकडची जाड, एकजीव तार चालते. घोडा सपाट जमिनीवर, चारही पायांवर सारखा उभा हवा आणि मान सरळ. त्याला गवत दाखवलं तर मान खाली जाते आणि माप चुकतं. खांद्याच्या फऱ्याची मागची कड बोटांनी शोधा, तिच्यामागे दोन-तीन बोटं सोडून पट्टी पाठीवर आडवी दाबा, उचलून कागदावर ठेवा आणि आतल्या बाजूने पेन्सिल फिरवा. कागदावर डावी-उजवी बाजू आणि तारीख लिहा. तारीख कशाला, ते पुढे येईल.

आता कागदाकडे नीट बघा. रेघ उलट्या ‘व्ही’सारखी असेल तर हे परीक्षण तुमच्यासाठी नाही. बऱ्याच काठेवाडी घोड्यांची पाठ अशी असते, त्यांना रुंद खोगीर टाकलं तर ते थेट कण्यावर टेकेल. रेघ उलट्या ‘यू’सारखी, माथ्यावर सपाट आणि कडेला जाऊन मग उतरणारी असेल, तर ही कॉबची पाठ. आणि इथेच गलेटची मर्यादा आहे. गलेट बदलून कमानीच्या दोन टोकांमधलं अंतर आणि कोन बदलतो. ट्रीचा माथा जसा घडवलाय तसाच राहतो. अरुंद माथ्याच्या खोगिरात सगळ्यात रुंद गलेट घातलं तरी पाय फाकवलेल्या शिडीसारखं होतं: खाली ऐसपैस, वर चिमटा. त्यामुळे विचारायचा प्रश्न ‘रुंद गलेट मिळेल का’ हा नाही, ‘ट्री गोल माथ्याची आहे का’ हा आहे. दुकानदाराला समजलं नाही तर खोगीर उलटं करून कागदावरची रेघ कात्रीने कापून कमानीत धरून बघा. फट कुठे आहे आणि रुततंय कुठे, ते लगेच दिसतं.

गलेट बदलणं घरी जमतं, अर्धा तास धरा. खोगीर चटईवर उलटं ठेवायचं, पुढचे स्क्रू काढून पॅनेलचा, म्हणजे पाठीला टेकणाऱ्या खालच्या गादीचा, पुढचा भाग मोकळा करायचा, आतली कमान सोडवायची, दुसरी बसवायची. कमानींना रुंदीप्रमाणे रंग दिलेले असतात, पण एका कंपनीचा रंग दुसऱ्या कंपनीत वेगळ्या मापाचा असू शकतो, तेव्हा रंगावर जाऊ नका, टोकांमधलं अंतर मोजा. दोन चुका हटकून होतात. एक म्हणजे लहान तोंडाचा स्क्रूड्रायव्हर वापरून स्क्रूचं डोकं झिजवणं. ते एकदा गुळगुळीत झालं की पुढच्या वेळी ड्रिल आणावं लागतं. दुसरी, एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीला हात घालणं. त्याने कमान केसभर तिरकी बसते आणि खोगीर कायम एका बाजूला झुकतं. स्क्रू थोडा डावा, थोडा उजवा असे आळीपाळीने आवळा आणि बसवताना आट्यांवर ग्रीसचा हलका हात फिरवा. समुद्राच्या हवेत नुसता स्क्रू एका पावसाळ्यात गंजून धरतो.

मग खोगीर नमना, म्हणजे खोगिराखालचं पॅड, न घालता थेट पाठीवर ठेवून बघायचं. थोडं पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवा, जिथे आपोआप अडेल ती त्याची जागा. बैठकीचा सगळ्यात खोल भाग मध्यभागी आणि सपाट दिसला पाहिजे. पुढे उचललेलं असेल तर गलेट अरुंद, पुढे नाक खुपसलं असेल तर गलेट गरजेपेक्षा रुंद. पुढच्या कमानीखाली दोन-तीन बोटं उभी जावीत. स्वार बसल्यावर पुन्हा बघा, तेव्हाचं माप खरं. कण्यावरची नाळ, म्हणजे दोन पॅनेलांमधली खाच, पुढून मागेपर्यंत तीन-चार बोटं मोकळी हवी. पॅनेलखालून तळहात सरकवला तर दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे. मध्ये पोकळी लागली तर ते खोगीर पुलासारखं दोन टोकांवरच टेकतंय. आणि शेवट: घोड्याच्या बरगड्यांच्या 18 जोड्या असतात. शेवटच्या बरगडीच्या मागे खोगीर जाता कामा नये. कॉबची पाठ आखूड असते, म्हणून मोठ्या बैठकीचं खोगीर इथे हमखास बाहेर जातं. भारदस्त स्वाराला साडेसतरा-अठरा इंची बैठक लागते आणि पाठीवर तेवढी जागाच नसते. त्या वेळी स्वाराने घोडा बदलावा, खोगीर नव्हे.

जाड पॅड घालून चुकीचं खोगीर बसवण्याचा उद्योग सगळीकडे चालतो. चपलेचा अंगठा चावतो म्हणून मोजा घालण्यासारखंच आहे हे, चावणं वाढतं.

या बांध्याची दुसरी खोड म्हणजे खोगीर फिरणं. गोल भोपळ्यावर पाट ठेवला तर तो कुठेतरी जाणारच. लोक मग तंग करकचून आवळतात. घोडा बिचारा तेही सोसतो, पण श्वास आखडतो आणि खोगीर तरीही फिरतंच. उपाय वेगळे आहेत. चढताना स्टूल वापरा. जमिनीवरून रिकिबीत पाय देऊन चढलं की पूर्ण वजन डाव्या बाजूला लटकतं, खोगीर ओढलं जातं आणि ट्रीला पीळ बसतो. रुंद पोटाच्या घोड्याची तंगाची खाच पुढे, कोपरापाशी असते, त्यामुळे तंग पुढे सरकतो आणि खोगिराला खांद्यावर ओढून नेतो. बऱ्याच रुंद खोगिरांना सगळ्यात पुढे, कमानीच्या टोकाखालून निघणारा जादा पट्टा असतो. तो आणि मागचा पट्टा अशी जोडी धरून तंग बांधला की ओढ कमी होते. कोपरापाशी आत वळलेला, अॅनाटॉमिक आकाराचा तंग त्याहून बरा. तंग दोन टप्प्यांत आवळा: आधी हलका, दहा पावलं चालवून मग एक-एक भोक. बरगडी आणि तंग यांत चार बोटं सपाट, थोडी कसून जावीत. खोगीर पुढेच जात राहिलं तर दुमची, म्हणजे खोगिरापासून शेपटीखालून जाणारा पट्टा, लावायची. आपल्या जुन्या पागांत तट्टाला दुमची असायचीच, तिच्यात कमीपणा काही नाही. शेपटीखालचा भाग मात्र मऊ आणि रोज पुसलेला हवा, नाहीतर तिथे फोड येतात.

बसतंय की नाही, हे सांगायला घोडा बोलणार नसेल तर घाम बोलतो. तीस-चाळीस मिनिटांच्या कामानंतर खोगीर उतरवून लगेच पाठ बघा, धुवायची घाई करू नका. दोन्ही बाजूंना सारखा, सलग ओला ठसा आणि कण्यावर कोरडी पट्टी, हे चांगलं. ओल्या ठशाच्या मध्ये बशीएवढा कोरडा डाग, विशेषतः खांद्यामागे, हे वाईट. तिथे दाब इतका आहे की घामच येत नाही. मुंबईच्या दमटपणात घोडा चटकन भिजतो, म्हणून पहाटेच्या स्वारीनंतरचा ठसा जास्त विश्वासाचा. खरारा करताना तिथेच बोटं दाबून बघा. कातडी थरथरली किंवा पाठ किंचित खाली गेली तर शांत घोड्याची ती ओरड समजा.

पावसाळ्यात या खोगिराला तोड नाही. जुलैत कपाटातली चामड्याची चप्पल हिरवी होते, तर पागेतल्या लेदर सॅडलचं काय होत असेल? त्याला रोज पुसणं, आठवड्याला सॅडल सोप, बेताने तेल, आणि इतकं करूनही शिवणीत बुरशी. सिंथेटिक खोगीर ओल्या फडक्याने पुसलं की झालं. साबण लागलाच तर सौम्य, आणि पाण्याचा पाइप सरळ मारू नका, पॅनेलच्या आत पाणी गेलं की ते चार दिवस सुकत नाही. उन्हात तापवलं तर चिकटवलेले भाग सुटतात, म्हणून सावलीत, पंख्याखाली, पॅनेल वर करून ठेवावं. वजनाला ते तशाच लेदरच्या खोगिरापेक्षा दोनेक किलो हलकं असतं, सईसही खूश.

खोट कुठे? वेल्क्रोत केस अडकतात, आणि दर आठवड्याला जुन्या कंगव्याने काढले नाहीत तर ते धरत नाही. तंगाच्या पट्ट्यांची भोकं लांबट होत जातात. एका बाजूची झाली की दोन्ही बाजूंचे पट्टे एकदम बदला. रिकिबीचा दांडा, म्हणजे स्टिरप बार, गंजतोय का, ते दर महिन्याला बघा, गंजलेल्या बारमधून पडताना रिकिबीचा पट्टा सुटत नाही. पाठीला हवा लागत नाही, ही तक्रारही खरी आहे. सिंथेटिकखाली नमना सुतीच हवा आणि रोज धुतलेला. ओल्या नमन्याखाली रेन रॉट होतो: केसांचे झुपके चिकटून खपल्या धरतात आणि ओढल्या तर रंगाच्या ब्रशसारखा गुच्छ हातात येतो. असं दिसलं तर खोगीर बंद, पशुवैद्याला दाखवायचं, आणि त्या घोड्याचा खरारा, नमना दुसऱ्याला वापरायचा नाही. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांच्या रुग्णालयासारखी जागा शहरात आहे, पण घोडा तिथवर नेण्यापेक्षा पागेत येणाऱ्या डॉक्टरचा नंबर आधीपासून हवा.

कागदावर तारीख लिहायला सांगितली ती वजनासाठी. हा घोडा हवेवर पोसला जातो म्हणतात ते उगाच नाही. हरभरा आणि ओटची चंदी थोडी सैल हाताने दिली की दोन महिन्यांत पाठ पसरते आणि काल बसणारं खोगीर आज रुततं. वजनाची पट्टी नसेल तर साध्या टेपने चालतं: तंगाच्या रेषेतला घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले 11,880. घेर 180 आणि लांबी 150 असेल तर सुमारे 410 किलो. त्याला सुका चारा रोज 6 ते 8 किलो, काम हलकं असेल तर धान्य जवळजवळ नाहीच. मानेवरची चरबी टणक झाली किंवा खूर गरम लागायला लागले तर लॅमिनायटिसची, म्हणजे खुराच्या आतल्या दाहाची, शंका घ्या आणि स्वारी थांबवा. स्वार आणि खोगीर मिळून वजनाच्या 15 ते 20 टक्क्यांत बसावं, म्हणजे या घोड्यावर फार तर 60 ते 80 किलो. दर तीन महिन्यांनी नवी रेघ जुनीवर ठेवून बघा. गलेट बदलण्याची सोय खरी उपयोगी पडते ती इथे. उन्हाळ्यात उतरलेला घोडा पावसाळ्यात हिरव्या गवतावर पसरतो आणि नवं खोगीर न घेता एक कमान बदलून निभावतं.

लेदरच हवं असेल तर कानपूर आहेच, देशातलं सॅडलरीचं मोठं केंद्र. तिथल्या कारागिराला कागदावरची रेघ पाठवून रुंद ट्री बनवून घेता येते, पण फिटिंगला घोडा तिकडे जाणार नाही आणि कारागीर इकडे येणार नाही. सेकंड हँड सिंथेटिक घेताना ट्री तपासा: मागची कड पोटाला टेकवून पुढची कमान दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढा. बैठक मध्ये दुमडली किंवा कर्रर्र वाजलं तर ट्री तुटलेली आहे, फुकट दिलं तरी नको. नवं घेत असाल तर ट्रायलवर देणाराच दुकानदार निवडा आणि ट्रायलच्या दिवशी पाठीवर धुतलेलं मांजरपाट अंथरून त्यावर खोगीर टाका. घामाचा डाग किंवा केस लागला की परत घेताना कटकट होते.