नोकरी परत मागायची की भरपाई? बेकायदा काढल्यावरचा पहिला निर्णय

संध्याकाळी साडेपाचला केबिनमध्ये बोलावतात. टेबलावर दोन कागद असतात. एक काढून टाकल्याचं पत्र, दुसरा कोरा. ‘राजीनामा लिहून द्या, अनुभवपत्र चांगलं देतो.’ अनेकांचं प्रकरण इथेच संपतं, कारण राजीनामा लिहिला की तो दबावाखाली लिहिला हे सिद्ध करायचं ओझं आपल्याच डोक्यावर येतं. तो लिहिला नसेल आणि काढणं बेकायदा आहे असं वाटत असेल, तर वकील विचारतो: नोकरी परत हवी, की पैसे?

दोन्ही वाटा कायद्याने मानलेल्या आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८२ चा करार क्रमांक १५८ सांगतो की योग्य कारणाशिवाय काढू नये, आणि वागणुकीचा ठपका ठेवायचा तर आधी बाजू मांडायची संधी द्यावी. काढणं चुकीचं ठरलं, पण परत घ्यायला लावणं न्यायमंडळाच्या अधिकारात नसेल किंवा त्याला व्यवहार्य वाटत नसेल, तर पुरेशी भरपाई द्यावी. भारताने आणि अमेरिकेने हा करार स्वीकारलेला नाही. अमेरिकेत तर मोंटाना सोडून सगळीकडे मूळ नियमच असा की मालक कारण न देताही काढू शकतो. तिथे ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढ्याने भागत नाही. भेदभाव, तक्रारीचा सूड किंवा नोकरीच्या कराराचा भंग दाखवावा लागतो. म्हणून आधी आपल्या देशात ‘बेकायदा’ कशाला म्हणतात ते पाहा, मग पुढचं.

नोकरी परत मागण्याची वाट बाजू भक्कम असेल तर सगळ्यात मोलाची. नुसती खुर्ची मिळत नाही, मधला काळही भरून निघू शकतो: सेवा अखंड धरली जाते, मागचा पगार मिळतो, निवृत्तीच्या लाभांत खंड पडत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं की चुकीने काढलेल्याला सेवासातत्य आणि मागच्या पगारासह परत घेणं हाच सर्वसाधारण नियम. मात्र मधल्या काळात आपल्याला दुसरीकडे तेवढी कमाई नव्हती, हे कामगाराने आधी सांगावं लागतं. मग ते खोटं ठरवायची जबाबदारी मालकाची. रोजंदारीवरच्या लोकांचं काढणं केवळ प्रक्रिया न पाळल्यामुळे बेकायदा ठरलं, तर मात्र याच न्यायालयाने अनेकदा एकरकमी पैशांवर प्रकरण मिटवलं आहे. म्हणजे नियम एक असला तरी तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही.

या वाटेत वेळ फार जातो, आणि ज्याने काढलं त्याच साहेबाच्या हाताखाली पुन्हा बसायचं असतं. लहान ऑफिसात, सहा माणसांत, ते जवळजवळ अशक्य. हजार माणसांच्या कारखान्यात विभाग बदलून मिळतो, कोणी बघतही नाही. माझ्या मते संस्थेचा आकार हा या निर्णयातला सगळ्यात कमी बोलला जाणारा मुद्दा आहे.

भरपाईची वाट लवकर संपते. पण रक्कम किती, हे ठरवताना लोक फसतात. आठ वर्षं नोकरी झालेला एक माणूस धरू. जर्मन कायद्यात, कामच उरलं नाही म्हणून काढताना मालक ‘दावा लावू नका, त्याबदल्यात पैसे घ्या’ असं सांगू शकतो. तेव्हा दर वर्षाला अर्धा पगार, म्हणजे चार महिन्यांचा. स्पेनमध्ये अयोग्य ठरलेल्या बडतर्फीला २०१२ पासून दर वर्षाला ३३ दिवसांचा पगार, कमाल २४ महिने. म्हणजे या माणसाला २६४ दिवसांचा. भारतात ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्याला आठ वर्षांचे १२० दिवस मिळतात, शिवाय एक महिन्याची नोटीस. पण थांबा, हा १२० दिवसांचा पगार पूर्णपणे कायदेशीर कर्मचारीकपातीतही द्यावाच लागतो. तेवढेच पैसे ‘समझोता’ म्हणून कोणी पुढे केले, तर त्याने तुमच्या हक्काचंच तुम्हाला देऊ केलंय, वर काहीही नाही. घासाघीस तिथून वर सुरू व्हायला हवी.

शिवाय निवड नेहमी आपल्या हाती नसते. स्पेनमध्ये बडतर्फी ‘अयोग्य’ ठरली तर परत घ्यायचं की पैसे द्यायचे हे सहसा मालक ठरवतो, काढलेली व्यक्ती कामगार प्रतिनिधी असेल तर ती ठरवते. आणि बडतर्फी मुळातच ‘रद्दबातल’ ठरली, उदाहरणार्थ गरोदरपणामुळे काढलं असेल, तर मालकाला परत घ्यावंच लागतं. करार १५८ मध्येही गरोदरपण, संघटनेचं सदस्यत्व, मालकाविरुद्ध केलेली तक्रार ही काढण्याची वैध कारणं नाहीत असं स्पष्ट आहे. तुमचं कारण यातलं असेल तर पैशांवर मिटवायची घाई करू नका. तुमच्या हातात हुकमाचं पान आहे.

मुदतीबद्दल थोडक्यात, पण हेच आधी वाचा. जर्मनीत दावा लावायला लेखी पत्र हातात पडल्यापासून फक्त तीन आठवडे. ते गेले की चुकीची बडतर्फीही सहसा बरोबर धरली जाते. अमेरिकेत भेदभावाची तक्रार समान रोजगार आयोगाकडे १८० दिवसांत, राज्यातही तशी यंत्रणा असेल तर बहुधा ३०० दिवसांत. ‘साहेबांशी बोलणं चालू आहे’ म्हणून मुदत थांबत नाही. बोलणी चालू ठेवा, पण अर्जही टाका.

मला विचाराल तर, कायदा परवानगी देत असेल तिथे मागणी नोकरीचीच लिहावी, मन पैशांकडे असलं तरी. जर्मनीत दावा नोकरी टिकली आहे असं ठरवून घेण्याचा असतो, आणि बरीच प्रकरणं मिटतात मात्र रकमेवर. कारण उघड आहे: हरलो तर हा माणूस मागच्या सगळ्या पगारासह दारात उभा राहील, ही धास्ती मालकाला बोलणीला बसवते. सुरुवातीलाच ‘मला फक्त पैसे हवेत’ म्हटलं की ती धास्ती गेली. अपवाद एकच, परत जाण्याच्या कल्पनेनेच झोप उडत असेल तर. मग सरळ भरपाई मागा.

दोन्ही वाटांवर दुसरी नोकरी शोधत राहा आणि पाठवलेल्या अर्जांची, आलेल्या नकारांची फाइल ठेवा. नवी नोकरी लागली म्हणून दावा बुडत नाही, तिथला पगार बहुतेक ठिकाणी हिशेबातून वजा होतो. हात बांधून बसलात तर मात्र ‘प्रयत्नच केले नाहीत’ म्हणून रक्कम कापली जाऊ शकते.

आणि अखेरच्या हिशेबाचा कागद पुढे आला की शेवटची ओळ आधी वाचा. ‘माझं कंपनीकडे कोणतंही येणं बाकी नाही’ असं लिहिलेलं असतं. थकलेला पगार तर हवाच असतो. ती ओळ खोडायला सांगा. नाहीच ऐकलं तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा, ‘माझे हक्क अबाधित ठेवून, तक्रारीसह स्वीकारले’, खाली तारीख टाका आणि तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो काढा. तेही लिहू देत नसतील तर सही न करता उठा आणि कागद वकिलाला दाखवा.